पोटातलं विरजण

आबांचा विज्ञानावर राग नव्हता. त्यांचा राग होता तो पाकिटातल्या पेजेवर.

आबा म्हणजे आमचे वडील, हिंदुराव चौगुले. एकेकाळचे पैलवान. भोगावतीकाठच्या आमच्या कुरणवाडीत जुनी माणसं अजून त्यांच्या ढाक डावाची आठवण काढतात. कुस्ती सुटली तरी त्यांचा खुराक सुटला नाही. फरक इतकाच की पूर्वी ते स्वतः खायचे, पुढं दुसऱ्यांना खाऊ घालायला लागले. आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते आणि धाकटी गिरिजा पहिलीत. आबांनी तिला तालमीतल्या पठ्ठ्यासारखं वाढवलं. सकाळी कुंडीत घोटलेली बदामाची थंडाई, दुपारी भाकरीवर लोण्याचा गोळा, झोपताना पेलाभर म्हशीचं दूध. "पोटात असंल तर पायात येईल," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान.

आणि पायात आलंही. गिरिजा पळायला लागली ती थांबलीच नाही. आधी तालुका, मग जिल्हा, मग राज्य. जितकं अंतर लांब तितकी ही ताजी. विशीत ती मॅरेथॉन पळायला लागली आणि पठारावरच्या एका संशोधन केंद्रानं तिला बोलावून घेतलं. त्या केंद्रात 'पुनर्नवा' होतं.

"पुनर्नवा म्हंजे घेटुळीच की," आबा म्हणाले. "घेटुळीची भाजी आम्ही जन्मभर खाल्ली. त्याला डॉक्टर कशाला पायजे?"

मी हायस्कुलात विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातल्या सगळ्या शास्त्रीय शंका माझ्या पदरात पडतात. मी आबांना समोर बसवलं आणि सांगितलं. माणूस जोरात पळतो तेव्हा त्याच्या स्नायूंत लॅक्टेट नावाचा पदार्थ तयार होतो. त्यातला थोडा रक्तातून आतड्यात उतरतो. आतड्यात राहणारे काही जिवाणू हे लॅक्टेट खातात आणि त्याचं दुसरंच एक आम्ल बनवतात, जे शरीराला पुन्हा इंधन म्हणून चालतं. म्हणजे चुलीतला धूर गोळा करून त्याचंच सरपण करायचं. असे जिवाणू लांब पळणाऱ्यांच्या पोटात आधीपासूनच सापडत होते. केंद्रानं त्यातली सगळ्यात तरतरीत जात निवडली आणि तिला आणखी एक काम शिकवलं. पळून झाल्यावर स्नायूंचे बारीक धागे तुटलेले असतात. त्या मोडतोडीचे निरोप रक्तातून अंगभर फिरतात, म्हणून सूज येते, ठणका लागतो, अंग गळून जातं. केंद्रातले हे जिवाणू, म्हणजेच पुनर्नवा, ते निरोप वाचायचे आणि सूज उतरवणारी, धागे सांधणारी द्रव्यं स्वतःच तयार करून रक्तात सोडायचे. जी दुरुस्ती व्हायला दोन-तीन दिवस लागतात, ती एका झोपेत व्हायची. दुसऱ्या दिवशी खेळाडू पुन्हा पहिल्यासारखा पळायला मोकळा.

आबांनी सगळं मन लावून ऐकलं. "म्हंजे पोटात विरजण लावलंय."

"अगदी बरोबर. आणि विरजणाचं भांडं झाकून ठेवावं लागतं. म्हणून तिनं फक्त केंद्राची पेज प्यायची. बंद पाकिटातली. घरचं काहीही नाही."

"लोणी?"

"नाही."

"थंडाई तरी?"

"नाही, आबा."

आबा उठून परड्यात गेले आणि बराच वेळ म्हशीशी बोलत बसले.

पुढं आम्ही दोघं गिरिजाला भेटायला केंद्रावर गेलो. तिचे गाल आत गेले होते, पण डोळे लखलखीत होते आणि पायांना तर जणू स्प्रिंगा लावल्या होत्या. आमच्यासमोर तिनं राखाडी पेजेचं पाकीट वाडग्यात ओतलं आणि हात धुवायला गेली. मी खिडकीतून धावपट्टी बघत होते. परतताना एसटीत बसल्यावर आबांचा चेहरा फार दिवसांनी फुललेला दिसला.

"काय झालं हो आबा?"

"त्यांचं विरजण पाणचट हाय," आबा हळूच म्हणाले. "पोरीचं गाल बघितलंस न्हवं? म्हणून आपलं जरा घट्टातलं घातलं. चमचाभरच. ढवळून टाकलं, तिला कळलंबी न्हाई."

त्यांनी घरचं दही डबीतून नेलं होतं.

विरजणाच्या उपमेला 'अगदी बरोबर' मीच म्हटलं होतं. आबांनी ती माझ्यापेक्षा एक पाऊल पुढं नेली, एवढंच. ज्या घरात पातळ लागलेलं दही घट्ट विरजण घालून सुधारतात, त्या घरातला माणूस दुसरं काय करणार? पण आबांच्या दह्यातले दणकट जिवाणू केंद्राच्या नाजूक जिवाणूंना पुरून उरले. आठवडाभरात गिरिजाच्या पोटातली केंद्राच्या जिवाणूंची वस्ती उठली. ती सरावात कोसळली, हंगाम हातचा गेला. डॉ. कित्तूर केंद्राच्या प्रमुख होत्या, सरळ बोलणारी बाई. त्यांनी नव्यानं लागण केली, ती जेमतेम धरली. त्यांनी बजावलं की आता शरीरानं हे जिवाणू ओळखलेत, ही वस्ती पुन्हा उठली तर तिसऱ्यांदा लागणार नाही.

दह्याची गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली होती, ती गिरिजाच्या कानावर गेली आणि तिनं घरी फोन केला. तो मी लाउडस्पीकरवर ठेवला आणि नको ते सगळं ऐकलं.

"आबा, तुम्ही माझ्या पायावर धोंडा घातला. वैऱ्यानं केलं नसतं ते केलं. परत इकडं येऊ नका."

आबा उठले. टोपी घालून तालमीकडं निघून गेले.

त्यानंतर ते बोलत, नाही असं नाही. दर रविवारी फोन व्हायचा. "पळणं कसं हाय?" "बरं हाय." "पाय?" "बरं हायत." आपल्याकडं कुठलाही फोन ज्या एका प्रश्नावर उभा असतो तो, 'जेवलीस काय?', आबांनी कायमचा टाकून दिला.

ऑलिंपिकच्या निवड-शर्यतीला पंधरवडा उरला असताना आबा गेले. तालमीच्या पायरीवर कुणाला तरी पकड समजावून सांगत होते, बोलता बोलता मान खाली गेली. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं.

केंद्राच्या गाडीनं गिरिजा आली. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या तिनं आबांच्या अंगावर अंग टाकलं. "शर्यत झाल्यावर येणार हुते आबा, बोललेलं मागं घ्यायला येणार हुते," हे एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला बाजूला करायला तिघी जणी लागल्या. अग्नी आम्ही दोघी बहिणींनी दिला. परत येताना ती माझ्या खांद्यावर भार टाकून चालत होती. देशातली सगळ्यात चिवट पोरगी, पण तिला नदीपासून घरापर्यंत चालवेना. संध्याकाळी तिनं सवयीनं आपलं पाकीट फोडलं, पेज प्याली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

सकाळी मी सुजलेले डोळे घेऊन सोप्यात आले, तर ही बुटांच्या नाड्या बांधत होती. चेहरा शांत, ताजा, सणाला न्हाऊन आल्यासारखा.

"कुठं?"

"पळून येते."

माझं टाळकंच फिरलं. समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन बघत होत्या. "बापाची राख गार झाली न्हाई अजून," मी म्हणाले. "चारचौघांत रडल्याचं सोंग तरी कर! गाव काय म्हणंल?"

ती उठून माझ्याजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण भीती होती. "अक्का, तू ओरड मला. पण आधी मला काय झालंय ते सांग. काल छाती फुटत हुती. आज आबा गेले हे मला माहीत हाय, पण नुसतं माहीत हाय. पेपरातली बातमी वाचावी तसं."

ती तशीच पळायला गेली. पळता पळता तरी रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

त्याच दुपारी डॉ. कित्तूर भेटायला आल्या. घोंगड्यावर बसल्या, आबांच्या फोटोला हात जोडले. गिरिजानं त्यांना सगळं सांगितलं. बाई माझ्याकडं बघून बोलल्या, कारण मी विज्ञानवाली.

"शोक नुसता मनात नसतो, बाई. तो अंगातही असतो. जवळचं माणूस गेलं की रक्तात सूज आणणारे निरोप वाढतात. अंग गळतं, भूक मरते, छातीत दुखतं. लांब शर्यतीनंतर जे रक्तात दिसतं, बरंचसं तसंच. आमच्या जिवाणूंना मॅरेथॉन आणि मरण यातला फरक कळत नाही. त्यांनी निरोप वाचले आणि दुरुस्ती करून टाकली."

"म्हणजे हिला दुःख होत नाही?"

"होतं. पण मुक्कामाला राहत नाही. झोपली की जातं."

गिरिजानं विचारलं, "पेज बंद केली तर?"

"पेज बंद करून घरचं खाल्लंस तर वस्ती चार-सहा दिवसांत उठेल. मग तू इतरांसारखी रडशील." बाईंनी मान खाली घातली. "पण मग ही शर्यत नाही. आणि पुन्हा लागण होणार नाही, म्हणजे या पातळीवरचं पळणं कायमचं संपलं."

"आणि शर्यती झाल्यावर बंद केली तर? तेव्हा रडू येईल?"

"येईल असं वाटतं."

"वाटतं म्हणजे?" मी विचारलं.

डॉ. कित्तूरनी आबांच्या फोटोकडं बघितलं. "याआधी आमच्या कुठल्याच खेळाडूचा बाप गेला नव्हता."

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं. नदीवरून आल्यावर आमच्या भावकीत कडू घास देतात. मेल्या घरची चूल पेटलेली नसते. जवळच्या नात्यातलं कुणीतरी आपल्या घरून अन्न आणतं आणि मागं राहिलेल्यांना आपल्या हातानं पहिला घास भरवतं. आमच्याकडं तो दहीभाताचा असतो. त्यात कडू काहीच नसतं. पण तो घास घशाखाली उतरला की माणूस गेलं हे मान्य केलं असं धरतात, आणि तोवर रडू दाबून धरलेल्या बाया तिथं मोठ्यानं रडतात.

आबांची धाकटी बहीण, बायाक्का आत्या, पातेलं घेऊन आली. पहिला घास माझ्या तोंडात घातला. मी तो कसाबसा गिळला आणि ओक्साबोक्शी रडले. मग आत्यानं दुसरा घास कालवला आणि गिरिजापुढं धरला. गिरिजानं तो तोंडात घेतला नाही, ओंजळीत घेतला.

सोप्यातली माणसं तिच्या ओंजळीकडं बघायला लागली. पेजेचं पथ्य सगळ्या गावाला ठाऊक होतं. तो घास म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"आत्या," गिरिजा म्हणाली, "आबांना काय पायजे असतं गं?"

आत्यानं पदरानं नाक पुसलं. "त्याला तू पळायला पायजे हुतीस, बाई. सगळ्या मुलखाच्या म्होरं पळायला पायजे हुतीस. आन त्याच्या हातचं खायाला पायजे हुतीस. आता ह्यातलं कंचं खरं म्हणून मला इचारू नगंस."

मी तिच्या शेजारी सरकले. "खा, गिरजे," मी कानात म्हणाले. "शर्यत गेली तर गेली. हे असं कोरडं राहू नको. मला भ्या वाटतंय तुझं."

ती घासाकडं बघत राहिली. दह्याचं पाणी तिच्या बोटांतून मनगटावर ओघळत होतं. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यावर दुःख नव्हतं. ते शोधण्याची धडपड होती. घरातली वस्तू हरवल्यावर माणूस करतो तशी.

"पंधरा वर्षं आबा माझ्या पायासाठी राबले," ती शेवटी म्हणाली. "आता शेवटच्या वळणावर थांबले तर त्यांचं सगळं वाया जाईल. दुःख कुठं पळून जातंय, अक्का? शर्यत जाईल. आधी पळते. मग आबांसाठी रडायला सगळा जन्म पडलाय."

आणि तिनं तो घास माझ्या तोंडापुढं धरला. "माझ्या वाटचा तू खा."

मी खाल्ला. काय करणार? कडू घास परत पातेल्यात टाकत नाहीत.

निवड-शर्यत ती जिंकली. बाप जाऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले असताना पोरगी कशी हसत पळाली, याचं सगळ्या वाहिन्यांनी कौतुक केलं. एकानं तिला पोलादी म्हटलं, दुसऱ्यानं तिचा आदर्श घ्यावा असं सांगितलं. मी दूरदर्शन संच बंद केला. ऑलिंपिकमध्ये ती आठवी आली. आपल्या देशाची कुठलीही बाई त्याआधी मॅरेथॉनमध्ये इतक्या पुढं पोहोचली नव्हती. गावानं मिरवणूक काढली, तालमीपुढं गुलाल उधळला.

मिरवणुकीच्या दुसऱ्या दिवशी तिनं पेज सोडली. मी दहीभात कालवला. ती मांडी घालून बसली आणि एकेक घास चावून चावून खाल्ला, औषध घ्यावं तसा. चार दिवसांत तिची तरतरी गेली, पाय दुखायला लागले, चिडचिड सुरू झाली. आम्ही दोघी खूश. वस्ती उठली होती. आता फक्त वाट बघायची.

रडू आलं, पण भलत्यासाठी. शेजारचं रेडकू मेलं तर ही हुंदके देऊन रडली. माझ्या शाळेतल्या एका पोरीचं लग्न मोडलं ते ऐकून हिच्या डोळ्यांत पाणी. आबांचं नाव काढलं की मात्र चेहरा कोरडा ठणठणीत. ती तालमीच्या पायरीवर जाऊन बसायची. आबांचा सदरा घालून बसायची. आपणच फोनवर बोललेलं ते वाक्य मला मोठ्यानं म्हणायला लावायची. मी म्हणायचे, आणि माझाच बांध फुटायचा. ती बघत राहायची.

डॉ. कित्तूरना आम्ही दोघी जाऊन भेटलो. बाईंचे केस मधल्या काही महिन्यांत पांढरे झाले होते.

"माझी चूक झाली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं आम्ही शोक पुढं ढकलतोय. पण जखम एकदा भरली की भरली. आता भरलेली जागा पुन्हा कशी दुखणार? पहिल्या दिवसांत अंग आणि मन मिळून जे काहीतरी घडवत असतं, ते तुझ्या बाबतीत घडलंच नाही. ते मागून घडवता येतं का, मला माहीत नाही."

मग त्यांनी टेबलावरचा संगणक आमच्याकडं वळवला. पुनर्नवाची मागणी करणारे निरोप होते, पण खेळाडूंचे नव्हेत. कुणाचा नवरा गेला होता, कुणाचं मूल. एका मोठ्या कचेरीनं विचारलं होतं की सुतक पडलेल्या कर्मचाऱ्यांना हे दिलं तर ते लवकर कामावर येतील का. वा रे जग! बाप जाळला आणि सोमवारी हजर.

"यांना काय सांगू?" बाईंनी गिरिजाला विचारलं.

"मूल गेलेल्या बाईला मी काय सांगणार?" गिरिजा म्हणाली. "तिला सोसत नसंल. पण तिला एवढं विचारा, की मूल गेल्याचं काही वाटलं नाही तर चालंल काय म्हणून."

गेल्या महिन्यात आबांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे जेवून गेल्यावर आम्ही दोघी परड्यात भांडी घासत होतो. दुपारचं ऊन होतं. पलीकडच्या रस्त्यानं एक म्हातारा चालला होता. ओळखीचा नव्हता. पण चालताना डावा खांदा जरा पुढं काढायचा, आबांसारखा. माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं आणि मी रडायला लागले.

गिरिजानं हात धुतले, माझ्याजवळ येऊन बसली आणि पाठीवर हात ठेवला. "काय झालं?"

मी त्या म्हाताऱ्याकडं बोट दाखवलं. तिनं बघितलं. तिलाही खांदा दिसला, तिलाही आबा आठवले, मला ते तिच्या डोळ्यांत कळलं. पण पुढं काहीच झालं नाही.

"कुठं दुखतंय तुला?" तिनं विचारलं.

"हितं." मी गळ्याखाली हात ठेवला.

"कसं? टोचल्यासारखं? का जड?"

"आधी जड. मग आतनं कुणीतरी पिळल्यासारखं. वाटतं आत्ता हाक मारली तर वळून बघतील. आणि मग कळतं की..."

"काय कळतं?"

"की न्हाई बघणार."

तिनं डोळे मिटून घेतले. मी बोलत राहिले, ती ऐकत राहिली. आबांचा आवाज कसा अचानक कानात येतो, दह्याची डबी अजून माझ्याच्यानं का फेकवत नाही, सगळं सांगितलं. मधेच तिचे ओठ हलत होते. माझं बोलणं ती मनात पाठ करत होती. हळूहळू माझं रडू ओसरलं. मी पदरानं तोंड पुसलं आणि पातेलं पुन्हा हातात घेतलं.

गिरिजानं डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं.

"इतक्यात थांबू नको, अक्का," ती म्हणाली. "आणखी थोडं रड की."

आबांसाठीचं त्या दिवसापुरतं रडून झालं होतं. तरी मी पातेलं खाली ठेवलं आणि पुन्हा रडले. ते तिच्यासाठी होतं. तिला ते कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.